षडंगपानीय: ताप, तहान आणि भूक एकाच रॅटमध्ये मोजता येतील का?

नागरमोथा_पवई

नमस्कार मंडळी. एम.फार्म.चं दुसरं वर्ष, विषय फार्माकॉलॉजी, कॉलेज मुंबईतलंच. प्रोजेक्ट षडंगपानीयावर आहे. घटक सहा: नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, उदीच्य म्हणजे काळा वाळा, आणि सुंठ. चरकाच्या ज्वरचिकित्सेत हे उकळून गार केलेलं पाणी तहान आणि ताप शमवायला दिलं आहे. सुंठ आणि मोथा दीपन-पाचन करणारे, म्हणजे भूक आणि पचन वाढवणारे, म्हणून गाइडचं म्हणणं पडलं की भूकही मोजून टाकू.

आराखडा असा: विस्टर रॅट, १८० ते २२० ग्रॅम, नर. पाच गट, गटात सहा, पिंजऱ्यात तीन-तीन. २० टक्के ब्रूअर्स यीस्टचं सस्पेन्शन त्वचेखाली, १० मिली/किग्रॅ. अठरा तासांनी ताप बघून औषध, मग दर तासाला गुदमार्गाचं तापमान, पाच तासांपर्यंत. तुलनेला पॅरासिटामॉल १५० मिग्रॅ/किग्रॅ तोंडावाटे. काढ्याचं घन, म्हणजे आटवून सुकवलेला अर्क, १००, २०० आणि ४०० मिग्रॅ/किग्रॅ. त्याच चोवीस तासांत खाल्लेलं खाद्य आणि प्यायलेलं पाणी मोजायचं.

एथिक्स कमिटीकडे फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) पुढच्या बैठकीत ठेवायचा आहे. तीन शंका आहेत. सगळं एकाच प्राण्यात मोजलं तर चालेल का? डोस कशाच्या आधारे ठरवला असं लिहू? आणि मुंबईत ही सहा द्रव्यं खात्रीची कुठे मिळतील? प्रयोग बहुधा ऐन पावसाळ्यात पडणार.

---

ज्वरमापक

पहिल्या शंकेचं उत्तर: नाही. तसं केलंत तर आकडे मिळतील, पण त्यातला एकही आकडा औषधामुळे आला असं म्हणता येणार नाही.

यीस्टच्या पद्धतीत इंजेक्शननंतर खाद्य काढून घेतात, पाणी ठेवतात. म्हणजे भूक मोजायला तुमच्याकडे काही उरतच नाही. खाद्य ठेवलंत तर पोट कमीजास्त भरलेलं राहतं, औषधाचं शोषण प्राण्यागणिक बदलतं आणि तापाचा आलेख विस्कटतो. शिवाय उपाशी रॅटचं तापमान उतरतं. रात्रभर न खाल्लेल्या प्राण्याची पायारेषाच, म्हणजे औषधाआधीचा आकडाच, खाली असते. औषधाने मळमळून तो कमी खायला लागला तरी तापमान खाली दिसेल आणि तुम्ही त्याला ज्वरघ्न म्हणाल.

आता तहान. रॅट दिवसभरातलं बहुतेक पाणी जेवणाच्या आगेमागेच पितो. खाणं घटलं की पाणी आपोआप घटतं. म्हणजे भूक मारणारं कुठलंही द्रव्य 'तृष्णाशामक' म्हणून खपवता येईल. आणि आणखी एक गोम. माणसाला तापात तहान लागते, ग्रंथातलं वर्णन त्या रुग्णाचं आहे. रॅटला एलपीएसने (जिवाणूंच्या आवरणातलं ताप आणणारं द्रव्य) ताप आणला की तो खाणंही सोडतो आणि पिणंही कमी करतो. तापलेला रॅट तहानेलेला असेल हे तुमचं गृहीतच पायाशी डळमळीत आहे. औषधाने तो जास्त पाणी प्यायला तर तो आजारपणातून सावरतोय असा अर्थ निघेल, म्हणजे तुमच्या अपेक्षेच्या नेमका उलटा.

तेव्हा तीन वेगळे प्रयोग, तीन वेगळ्या तुकड्या.

ताप. यीस्टचं मॉडेल चालेल, स्वस्त आहे. पण बारकावे पाळा. वाळवलेलं ब्रूअर्स यीस्ट घ्या, बेकरीतल्या यीस्टचं पाकीट नको. सलाइनमध्ये त्याच दिवशी घोटून, गाळून, सतत हलवत ठेवा, नाहीतर पहिल्या प्राण्याला पातळ आणि शेवटच्याला गाळ जातो. २० टक्क्यांचं सस्पेन्शन बारीक सुईत अडकतं, २० किंवा २१ गेजची सुई लागेल. मानेच्या मागे त्वचेखाली टोचा आणि जागा बोटाने हलकी चोळून पसरवा. अठरा तासांनी किमान ०.८ अंश से. चढलेलेच प्राणी पुढे घ्यायचे, ही अट आधी लिहून ठेवा आणि किती गळले तेही प्रबंधात छापा.

गुदमार्गाच्या तापमानात सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रोब (तापमापकाची सळई) किती आत जातो त्याची. प्रोबला ४ सेंमीवर चिकटपट्टीची खूण करा, दर वेळी तिथपर्यंतच, लिक्विड पॅराफिन लावून, आकडा स्थिर होईपर्यंत धरून. एकदा २ आणि एकदा ५ सेंमी गेलं तर फरक औषधाच्या फरकाएवढा येतो. घरातला काचेचा थर्मामीटर नको: तो चढलेला पारा धरून ठेवणारा असतो आणि फार हळू चालतो. थर्मिस्टर प्रोबच हवा.

दुसरी चूक म्हणजे हाताळणीचा ताप. अनोळखी हाताने उचललं, प्रोब घातला, की दहा-पंधरा मिनिटांत उंदीरवर्गीय प्राण्याचं तापमान एक अंशापर्यंत चढू शकतं. पहिल्या दिवशी घेतलेली पायारेषा म्हणजे बहुतेक भीतीचाच आकडा. आधीचे तीन दिवस रोज त्याच वेळी, त्याच माणसाने, रिकामा प्रोब आणि रिकामी गॅव्हाज सुई (तोंडावाटे थेट जठरात औषध सोडणारी) घालून सवय करा.

आणि एक गट तुम्ही गाळला आहे. ताप नसलेले रॅट, वरचा डोस दिलेले. त्यांचंही तापमान उतरलं तर तुमचं औषध ज्वरघ्न नाही, ते नुसतं शरीर गार करतंय. सुंठ असल्यामुळे हा गट लागेलच. सुंठीतले तिखट घटक जिंजेरॉल आणि शोगाओल टीआरपीव्ही-१ या ग्राहकाला (उष्णता आणि तिखटपणा ओळखणारं पेशीवरचं प्रथिन) चेतवतात, आणि तिखट द्रव्यांनी तो चेतला की शेपटीच्या रक्तवाहिन्या सैलावून उष्णता बाहेर पडते. खऱ्या ज्वरघ्नाचा मार्ग वेगळा: इंटरल्यूकिन आणि टीएनएफ या दाहाच्या संदेशद्रव्यांमुळे मेंदूत कॉक्स-२ हे एन्झाइम वाढतं, प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं, आणि प्रीऑप्टिक भागातला 'थर्मोस्टॅट' वर सरकतो. पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन बनणं कमी करतं. दोन्ही मार्गांनी थर्मामीटरवर सारखाच उतार दिसतो. शेपटीच्या बुडाचं त्वचा-तापमान सोबत घेतलंत तर कुठला मार्ग ते थोडंफार कळेल.

---

काष्ठौषधी

द्रव्यांचं आणि डोसचं मी घेतो.

आधी कल्पना. पानीयाचं प्रमाण काढ्याचं नाही. काढ्याला सोळापट पाणी, आटवून एक अष्टमांश किंवा एक चतुर्थांश. पानीयाला एक भाग भरड, चौसष्ट भाग पाणी, आटवून निम्मं. म्हणजे सहा द्रव्यं प्रत्येकी २ ग्रॅम, एकूण १२ ग्रॅम, पाणी ७६८ मिली, उरवायचं ३८४ मिली. ते दिवसभर थोडं थोडं प्यायला. तुम्ही 'काढ्याचं घन' लिहिलंय. परीक्षकाने पहिला प्रश्न इथेच विचारला पाहिजे.

डोस. माणसाकडून २०० ग्रॅमच्या रॅटकडे येताना गुणक ०.०१८. ३८४ मिली गुणिले ०.०१८ म्हणजे जवळपास ६.९ मिली. एवढं एका वेळी रॅटच्या पोटात घालता येत नाही. १० मिली/किग्रॅ या हिशेबाने २ मिली ही सोयीची मर्यादा, पाण्यातलं द्रव्य असेल तर ताणून ४. म्हणून आटवावंच लागतं. १२ ग्रॅम गुणिले ०.०१८ म्हणजे २१६ मिग्रॅ भरड प्रति रॅट, म्हणजेच १.०८ ग्रॅम/किग्रॅ. आता तुमच्या भरडीतून सुकं घन किती टक्के निघतं ते मोजा. समजा १२ टक्के निघालं, तर डोस १३० मिग्रॅ/किग्रॅ. मग ६५, १३० आणि २६० असे तीन डोस ठेवा. १००-२००-४०० हे गोल आकडे सगळ्या प्रबंधांत दिसतात आणि बहुतेकांत ते कुठून आले याचा पत्ता नसतो. तीव्र विषाक्तता ओईसीडी ४२३ (विषारीपणा तपासायची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका) प्रमाणे २००० मिग्रॅ/किग्रॅच्या मर्यादेवर आधी करून घ्या.

आटवण्याची पद्धत महत्त्वाची. मोथा, वाळा, काळा वाळा हे तिन्ही सुगंधी, त्यांचं तेल उघड्या पातेल्यात उडून जातं. पानीय ठरलेल्या पद्धतीनेच बनवा, मग गाळून रोटरी इव्हॅपोरेटरवर ५० अंशांच्या आत घट्ट करा आणि फ्रीझ ड्राय करा. तरीही काही तेल जाणारच. म्हणून एका गटाला ताजं पानीय, ४ मिली दोन वेळा, असं ठेवता आलं तर सोन्याहून पिवळं. घन मुंबईच्या हवेत तासाभरात चिकट होतं, त्यामुळे छोट्या छोट्या बाटल्यांत सिलिकासोबत भरून ठेवा आणि दर दिवशी एकच फोडा.

आता खरेदी. मशीद बंदरच्या काष्ठौषधींच्या दुकानांत सहाही मिळतील, पण नावाला.

पित्तपापडा हा सगळ्यात घोटाळ्याचा. या एका नावाखाली फ्युमारिया पार्विफ्लोरा, हेडिओटिस कोरिम्बोसा आणि रुंगिया रेपेन्स अशा वेगवेगळ्या कुळांतल्या वनस्पती विकल्या जातात. चुरा झाला की डोळ्यांनी ओळखणं कठीण. एचपीटीएलसीवर (अर्कातले घटक पट्ट्यांत वेगळे करणारी चाचणी) प्रोटोपिन या अल्कलॉइडचा पट्टा बघा. फ्युमारियात तो असतो, बाकी दोघांत नाही. काळा वाळा म्हणजे पॅव्होनिया ओडोराटा. दक्षिणेत त्या जागी कोलियसची एक जात वापरतात आणि उत्तरेकडून आलेल्या मालात कधी तगर येतो. तगर आला तर तुमचे रॅट झोपाळतील, झोपाळलेला रॅट खात नाही, आणि तुम्ही भूक मंदावली म्हणून लिहून मोकळे व्हाल. नागरमोथ्यात सायपेरस रोटंडस मागितला तरी सायपेरस स्कॅरिओससच्या गाठी मिळतात. वाळ्याची मुळी ओली करून हुंगा. वास मंद आला तर तेल काढून उरलेला माल आहे.

चंदन कुठलं? काढ्याला रक्तचंदन घ्यायची परिभाषा आहे, तेच घ्या आणि तसं लिहा. त्याची परीक्षा दुकानातच होते. कपभर गार पाण्यात तुकडा टाका. रक्तचंदनाचा रंग, सँटॅलिन, गार पाण्यात उतरत नाही, स्पिरिटमध्ये उतरतो. पाणी लगेच लाल झालं तर लाकूड रंगवलेलं आहे, दुकान बदला.

ओळखपत्रासाठी सेंट झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम आहेच. पण तिथे फुला-फळासकट फांदी न्यावी लागते, मुळाचा तुकडा घेऊन गेलात तर ते तरी काय करणार? सुक्या मालासाठी फार्माकॉग्नॉसी विभागात सूक्ष्मदर्शकाखाली भुकटी तपासून घ्या. सहाही द्रव्यांचा एकच घाणा, पूर्ण प्रयोगाला पुरेल एवढा एकदाच घेऊन ठेवा. मधेच संपून दुसऱ्या गोणीतला आणलात तर दुसरंच औषध झालं.

---

नागरमोथा_पवई

दोघांचे आभार. काष्ठौषधी दादा, पोटात इंजेक्शन दिलं तर कमी घनात भागेल आणि आकारमानाचा प्रश्नच सुटेल, असं आमच्या लॅबमध्ये एकाने सुचवलं. ते चालेल का? आणि ज्वरमापक सर, यीस्टऐवजी एलपीएस घेतलं तर एकाच प्राण्यात ताप आणि भूक दोन्ही दिसतील ना? प्राणी कमी लागतील म्हणून विचारते.

---

काष्ठौषधी

अजिबात नको. वनस्पतीच्या काढ्यात मातीतल्या जिवाणूंचं एन्डोटॉक्सिन असतं, म्हणजे एलपीएसच. तोंडावाटे ते बिनबोभाट जातं, पोटाच्या पोकळीत गेलं की तेच ताप आणतं आणि भूक मारतं. वर टॅनिनने पेरिटोनियमचा, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराचा, दाह. ताप उतरवण्याचं औषध म्हणून ताप टोचल्यासारखं होईल.

---

पिंजरा_७

खाणं-पिणं मोजण्याबद्दल, कारण प्रबंधांत 'फूड इन्टेक वॉज मेजर्ड' एवढ्या एका ओळीत हे संपतं आणि खरी भानगड तिथेच असते.

२०० ग्रॅमचा रॅट दिवसाला साधारण १५ ते २० ग्रॅम खातो आणि २० ते ३० मिली पाणी पितो. बहुतेक सगळं रात्री. तुम्ही सकाळी दहाला डोस दिलात तर औषधाचा जोर असताना प्राणी झोपलेला असतो. दिवे मालवायच्या अर्धा तास आधी डोस द्या आणि पहिल्या २, ४ आणि १२ तासांचं वेगळं मोजा. नुसता चोवीस तासांचा आकडा काहीच सांगत नाही: पहिले चार तास कमी खाऊन उरलेल्या रात्रीत रॅट भरपाई करून टाकतो.

खाद्य: गोळ्या भरपूर कुरतडून खाली टाकतात. पिंजऱ्याच्या जाळीखाली वजन केलेला ब्लॉटिंग कागद ठेवा, सकाळी चुरा गोळा करा, लेंड्या चिमट्याने वेगळ्या करा, लघवीने भिजलेला चुरा ६० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवून मग वजन. हे न करता 'ठेवलं वजा उरलं' लिहिलंत तर सांडणाऱ्या रॅटला भूक जास्त आहे असं ठरेल.

पावसाळा. मुंबईत जुलैत हवेतला ओलावा ८० टक्क्यांच्या वर असतो. एसी असला तरी खोलीतला ओलावा नियमातल्या ३० ते ७० टक्क्यांत राहील याची खात्री नाही. गोळ्या ओलावा शोषून जड होतात. सकाळी उरलेलं खाद्य फुगलेलं, म्हणजे खाल्लेलं कमी दिसणार. उपाय साधा: रॅट नसलेल्या पिंजऱ्यात तेवढंच खाद्य आणि तशीच बाटली ठेवा. रात्रभरात त्या खाद्याचं वजन जेवढं वाढलं ती टक्केवारी सगळ्यांच्या उरलेल्या खाद्यातून वजा करा. गोणी उघडल्यावर हवाबंद पिंपात, जमिनीपासून वर. बुरशीचा वास आला की सरळ फेकून द्या. अफ्लाटॉक्सिनने यकृत बिघडलेला रॅट भुकेच्या प्रयोगाला कुचकामी.

पाणी: बाटलीवरच्या रेघा वाचू नका, बाटली तोलून बघा, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. बाटली लावताना आणि काढताना थेंब पडतातच, तेही रिकाम्या पिंजऱ्यातल्या बाटलीवरून वजा करा. हलवली की नळी गळते. लोकलच्या रुळांजवळच्या इमारतीत रॅक भिंतीला टेकवून ठेवू नका, मधे फटीत रबर घाला. रेल्वेलगतच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये बाटलीखालचा कागद रोज ओला का असतो याचं कारण अनेकांना असं उशिरा सापडतं.

तीन-तीन रॅट एका पिंजऱ्यात ठेवून प्रत्येकाचं खाणं कळत नाही. एकेक ठेवा, पण मध्ये जाळीची किंवा भोकं पाडलेल्या पॉलीकार्बोनेटची भिंत असलेले जोडपिंजरे मिळाले तर उत्तम, एकटा रॅट पहिले दोन-तीन दिवस खायचं कमी करतो. आठवडाभर सवय लागू द्या.

एसी. रात्री किंवा सुट्टीत वीज गेली आणि खोली ३० अंशांवर गेली, तर रॅट खाणं कमी करून पाणी जास्त पितात. डेटा लॉगर पिंजऱ्यांच्या उंचीवर टांगा, भिंतीवरच्या एसीचा आकडा ग्राह्य धरू नका. आणि तारखा बघून घ्या. गणपतीच्या दहा दिवसांत, विशेषतः विसर्जनाच्या रात्री, खाण्याचे आकडे घेऊ नका. ढोलताशा, फटाके, आणि त्यात केअरटेकर रजेवर.

---

ज्वरमापक

एलपीएसबद्दल. ई. कोलायचं, ५० ते १०० मायक्रोग्रॅम/किग्रॅ पोटात. ताप साधारण दोन तासांनी चढतो आणि त्या रात्री खाणं नक्की घटतं, वजनही उतरतं. म्हणून 'आजारातली भूक' बघायला ते यीस्टपेक्षा चांगलं, हे खरं. पण ताप मोजायला दर तासाला प्राणी उचलावा लागतो आणि उचललेला प्राणी जेवत नाही. दोन्ही एकत्र करायचं तर पोटात टेलिमेट्रीचा, म्हणजे न उचलता तापमान बाहेर कळवणारा, सेन्सर हवा. तो नसेल तर दोन तुकड्या.

खोलीचं तापमान एलपीएसला फार लागतं. २० ते २२ अंशांच्या गार खोलीत, डोस जरा मोठा असला, की ताप यायच्या ऐवजी आधी तापमान खाली जातं. २८ ते ३० अंशांत ताप स्वच्छ येतो. तुमच्या अ‍ॅनिमल हाऊसला एवढी गरम खोली ठेवायची परवानगी आहे का ते आधी विचारा. आणि तोच रॅट आठवड्याने परत वापरू नका. एलपीएसची सहनशीलता येते, दुसऱ्या वेळी ताप कमी चढतो आणि तुम्ही तो औषधाचा गुण समजता. द्रावण प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतं, टोचण्याआधी ट्यूब व्होर्टेक्स करा.

भूक कमी झाली तर आणखी एक चाचणी अनिवार्य समजा. रॅट ओकू शकत नाही. मळमळलं की तो माती खातो. हायड्रेटेड केओलिनमध्ये १ टक्का डिंक मळून खाद्याच्या आकाराच्या गोळ्या करा, वाळवा, नेहमीच्या खाद्याशेजारी वेगळ्या कप्प्यात आधीपासून चार-पाच दिवस ठेवा. औषधानंतर केओलिनचं सेवन वाढलं तर ती भूकशामक क्रिया नव्हे, ती मळमळ.

---

पशुवैद्य_गोरेगाव

मी गुरांकडचा माणूस, म्हणून एकच मुद्दा, पण तो वरच्या कुणी काढला नाही.

तुम्ही भूक वाढेल म्हणता आणि औषध सुईने थेट जठरात घालता. कडू-तिखट दीपन द्रव्यांचं जुनं तत्त्व असं की ती जिभेला लागली पाहिजेत. पशुवैद्यकातही कडू पाचक चाटण म्हणून किंवा जिभेवर चोळून देतात, नळीने घशाखाली उतरवलेल्याचा तेवढा गुण येत नाही. चव लागली की लाळ आणि जठररस सुटतो, तोच अर्धा परिणाम. आतड्यातही कडू ग्राहक असतात, ते मान्य, पण त्यांच्यामुळे जठर रिकामं व्हायला उशीर होऊ शकतो, म्हणजे भूक उलट मंदावेल. गॅव्हाजने दिलेल्या सुंठीने भूक वाढली नाही म्हणून चरक खोटा ठरत नाही, तुम्ही त्याने सांगितलेला प्रयोगच केलेला नसतो.

मग काय करायचं? घन थोड्या मऊ खाद्याच्या लगद्यात कालवून ग्रॅमभराची गोळी चाटायला द्या, तुलनेच्या गटाला तेवढाच लगदा घन न घालता. मात्र नव्या कडू चवीला रॅट बिचकतो. दोन-तीन दिवस साध्या लगद्याची सवय झाल्यावरच औषध मिसळा, आणि पहिल्या दिवसाचा आकडा भुकेत धरू नका.

आणि हे रॅटवरचं गाईम्हशींना जसंच्या तसं लावू नका असं निष्कर्षात लिहा. रवंथ करणाऱ्या जनावरात काढा आधी पोटातल्या जिवाणूंच्या हाती लागतो. गोठ्यातली म्हैस चारा सोडते तेव्हा आम्ही रवंथ आणि कोठीपोटाची (जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्याची) हालचाल बघतो, खाल्लेले ग्रॅम नव्हे. जाता जाता: तुलनेचं औषध पॅरासिटामॉल आहे म्हणून कुणी तापलेल्या मांजराला घरातली गोळी देऊ नका. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, एका गोळीत जीव जाऊ शकतो.

---

विचरण

संख्येबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

पिंजऱ्यात तीन रॅट ठेवून खाद्य मोजलंत तर तुमचा एकक (आकडेमोडीत एक म्हणून धरायची वस्तू) पिंजरा आहे, रॅट नाही. सहा रॅटचे दोन पिंजरे म्हणजे गटात दोन. त्यावर कुठलीही चाचणी लावा, उपयोग नाही.

गटात सहा हा आकडा परंपरेने चालत आलेला आहे. हिशेब असा: समजा तापमानाचं प्रमाण विचलन (प्राण्याप्राण्यांतला नेहमीचा फरक) ०.४ अंश आणि तुम्हाला ०.६ अंशांचा फरक पकडायचा आहे. ८० टक्के शक्ती (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता), ५ टक्के पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता), दोन गटांच्या तुलनेला प्रत्येकी आठ लागतात. यीस्टला न चढणारे धरून नऊ-दहा मागा. खाद्याचं विचलन ३ ग्रॅम आणि फरकही ३ ग्रॅमचाच बघायचा असेल तर प्रत्येकी सतरा. कमिटी एवढे देणार नाही. म्हणून औषधाआधी तीन रात्रींचं सरासरी खाणं प्रत्येक रॅटचं मोजा आणि ते सहचल (कोव्हेरिएट) म्हणून मॉडेलमध्ये घाला. रॅटारॅटांमधला जन्मजात फरक त्यात निघून जातो आणि संख्या बरीच खाली येते. हे आकडे माझे नमुन्यादाखल, तुमचं विचलन तुमच्या खोलीतलं घ्या.

दर तासाला वेगळी वन-वे अ‍ॅनोव्हा (गटांच्या सरासरींची तुलना) आणि प्रत्येक तासावर फरक दाखवणारे तारे, हे करू नका. एकाच प्राण्याची पुन्हा पुन्हा घेतलेली मापं आहेत, मिश्र परिणाम मॉडेल घ्या किंवा पाच तासांच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढून एकच तुलना करा. मोजणाऱ्याला कुठला गट ते कळता कामा नये. पण घनाचा तपकिरी डाग मिशांना लागतो आणि गट ओळखू येतो, तेव्हा डोस देणारा वेगळा आणि मोजणारा वेगळा.

---

नागरमोथा_पवई

तहानेचा प्रयोग मग कसा मांडू? ताप आणि भूक समजलं. गॅव्हाजमध्येच २ मिली पाणी जातंय, ते दिवसाच्या पाण्याचा दहावा हिस्सा होतं, हे आत्ता लक्षात आलं.

---

ज्वरमापक

बरोबर पकडलंत. प्रत्येक गटाला आकारमान सारखंच द्यायचं, औषध असो वा नुसतं पाणी, आणि सोबत काहीच न दिलेला एक गट.

मांडणी: आधी सगळ्यांचं पाणी रात्रभर काढा, चोवीस तासांच्या वर कधीच नको, वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलेला प्राणी बाहेर. पाण्याविना रॅट खातही कमी, म्हणून तेवढा वेळ खाद्यही काढून घेतलेलं बरं. डोस, अर्ध्या तासाने तोललेली बाटली, मग १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांना वजन. या दोन तासांत खाद्य नाही, त्यामुळे जेवणाबरोबरचं पाणी आपोआप वगळलं जातं.

औषधाने पाणी जास्त प्यायलं तर लघवीही मोजा. मोथा आणि पित्तपापडा मूत्रल मानले जातात, लघवी वाढून तहान वाढली तर ती वेगळी गोष्ट. मेटाबॉलिक पिंजऱ्यात (लघवी वेगळी गोळा होणारा) सहा तासांची लघवी, आणि शेवटी रक्तातलं सोडियम व हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण).

पानीय मुळात पाणी म्हणून प्यायचं आहे, तेव्हा एक छोटी दोन-बाटल्यांची चाचणी जोडून द्या, तीत घन नको, ताजं पानीय. एका बाटलीत साधं उकळून गार केलेलं पाणी, दुसरीत पानीय, दर दिवशी जागा अदलाबदल, कारण रॅटला डावी-उजवी बाजू आवडीची असते. पानीय सोडून तो साध्याकडेच गेला तर चवीमुळे कमी प्यायला हे तुम्हाला आधीच कळेल. पानीय रोज ताजं करा. ऑगस्टच्या हवेत संध्याकाळी भरलेली बाटली सकाळी बुळबुळीत लागते आणि नळीचा छर्रा (टोकाशी पाणी अडवणारी गोळी) अडकतो, मग रॅट तहानलेला राहतो आणि वहीत 'पाणी ० मिली' जातं. रोज सकाळी छर्रा बोटाने दाबून बघायचं केअरटेकरच्या तक्त्यात लिहून टाका.

फॉर्म बीमध्ये तिन्ही प्रयोगांचे प्राणी वेगवेगळे दाखवा आणि प्रत्येकाचं कारण दोन ओळींत द्या. एकूण आकडा मोठा दिसेल म्हणून कमिटी अडवेल असं वाटत असेल, तर भुकेची तुकडी दुसऱ्या टप्प्यात टाका आणि तापाचा निकाल आल्यावरच मागा. औषधाने निरोगी रॅटचंच तापमान उतरवलं, तर पुढच्या दोन्ही तुकड्यांचे डोस नव्याने ठरवावे लागतील.